हातांची निरक्षरता

भिलाईच्या भट्ट्यांतून पोलाद बाहेर पडते आणि भिलाईच्या शिकवणी-वर्गांतून अभियांत्रिकी प्रवेश-परीक्षांचे परीक्षार्थी बाहेर पडतात. पहिल्या मालाची कीर्ती रुळांच्या रूपाने देशभर पसरली आहे. दुसऱ्या मालाची कीर्ती चौकाचौकांतील फलकांवर छायाचित्रे आणि गुणानुक्रमांक यांसह झळकत असते. या दोन मालांचे एकमेकांशी काही नाते असावे, अशी परगावच्या पाहुण्याची समजूत होणे साहजिक आहे. पण आम्ही येथे केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो, गावातील मुले रोज पाहतो, आणि आमचे निरीक्षण असे की हे नाते जवळजवळ तुटलेले आहे. लोखंड वितळवणाऱ्या गावात जन्मलेल्या आणि वाढलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती कानस दिली, तर ती पुढे जाताना कापते की मागे येताना, हे त्याला सांगता येत नाही. हाच मुलगा घर्षणावरचे उदाहरण तीन मिनिटांत सोडवून दाखवतो.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते एका शाळेतील पालकसभेचे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी सभा कोणत्याही शाळेत भरू शकते, किंबहुना भरतच असते. नव्या शैक्षणिक धोरणास अनुसरून सहावीपासून हस्तकौशल्याच्या तासिका वेळापत्रकात आल्या होत्या. त्या काढून गणितास द्याव्यात, अशी मागणी पालकांनी केली. मागणी करणारे पालक अडाणी नव्हते. आमच्यासारखेच पदवीधर, सरकारी वा निमसरकारी नोकरीतील, आणि त्यांत बदलीवर आलेले आपले मराठी बांधव चांगलेच उठून दिसत होते. एका गृहस्थांनी तर साऱ्या चर्चेचा निकालच लावला. ते म्हणाले, “सुतारकी शिकवायला आम्ही फी भरत नाही.” सभेने माना डोलावल्या. तासिका गेल्या.

त्या एका वाक्यात आपल्या वर्गाचे सगळे शिक्षणशास्त्र आले आहे, म्हणून आम्ही त्या वाक्याशीच भांडणार आहोत.

प्रथम ‘सुतारकी’ हा शब्द घ्या. तो ज्या सुरात उच्चारला गेला तो सूर गणिताच्या किंवा संगणकाच्या वाट्याला येत नाही. वैद्यकी, वकिली, कारकुनी हे सगळे धंदेच. पण ‘सुतारकी’ म्हणताना नाकाची एक विशिष्ट हालचाल होते. ही हालचाल आपण शिकलो कोठे? शाळेत नव्हे. ती घरात शिकलो, आणि घराने ती जातीकडून शिकून घेतली. ज्याने खुर्चीवर बसायचे त्याने खुर्ची करायची नाही, हा तो जुना करार. राज्यघटना आली, आरक्षण आले, कचेरीत आमच्या शेजारच्या टेबलावर ज्यांचे आजोबा खरोखर सुतार होते असे सहकारी आले. पण गंमत अशी की त्यांच्याही मुलांना आता रंधा धरता येत नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान वाटतो. तो अभिमान आम्हास समजतो. ज्या अवजारांनी पिढ्यान्‌पिढ्या पोट अर्धेच भरले, ती अवजारे टाकून देणे ही त्यांच्या दृष्टीने मुक्तीच होय. आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही. ज्यांच्या घरी अवजार कधी आलेच नाही आणि ज्यांनी या न येण्यालाच संस्कृती हे नाव दिले, त्यांच्याविषयी, म्हणजे आपणाविषयी आहे.

हा विषय निघाला की वर्ध्याची आठवण निघतेच, आणि भिलाईत बसून ती काढताना एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण-परिषद भरली, तेव्हा वर्धा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते. मध्यप्रांत आणि वऱ्हाड असे त्या प्रांताचे नाव. मराठी आणि हिंदी या त्याच्या दोन भाषा. त्या प्रांताचे तत्कालीन शिक्षणमंत्री रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल. गावाने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नातून शाळा चालावी आणि शाळेत हाताला काम असावे, अशी त्यांची ‘विद्यामंदिर’ योजना होती. १९३८ मध्ये तिच्या शिक्षकांचे प्रशिक्षण वर्ध्यालाच सुरू झाले. पुढे हेच शुक्लजी मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि पोलादाचा कारखाना आपल्या प्रदेशात, दुर्ग जिल्ह्यात यावा म्हणून झगडले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी रशियाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तो दिवस पाहण्यास शुक्लजी नव्हते. १९५६ च्या अखेरीस ते वारले. एकाच माणसाने एका हाताने शाळेत उद्योग नेण्याचा आणि दुसऱ्या हाताने प्रदेशात उद्योग आणण्याचा प्रयत्न केला. दुसरा हात यशस्वी झाला. पहिल्या हाताचे काय झाले हे आज भिलाईच्या शाळांत पाहावे.

मूलोद्योगी शिक्षण का फसले? त्याच्या भक्तांचे उत्तर असे की लोकांना ते कळले नाही. आम्ही भक्त नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या दिवसात ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली होती आणि मातृभाषेला ४० मिनिटे. इतका वेळ एकाच उद्योगात घालवणारे मूल शिकत नाही, राबते. मुलांनी कातलेल्या सुतातून शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा तर प्रथमपासून लंगडी होती, प्रा. के. टी. शहा यांनी त्या परिषदेतच तिला विरोध केला होता. मुलाच्या हाती तकली दिली की त्याचा हात शिकू लागतो हे खरे. परंतु त्या तकलीला पगारपत्रक बांधले की शाळेचा कारखाना होतो. तरीही योजना मेली ती या दोषांनी नव्हे. दोष सुधारता आले असते. ती मेली कारण ती खेड्यांसाठी राहिली. ज्या अधिकाऱ्यांनी मूलोद्योगाच्या फायलींवर शेरे लिहिले, त्यांची स्वतःची मुले शहरातल्या इंग्रजी शाळांत होती. जे शिक्षण राज्यकर्त्याचा मुलगा घेत नाही ते शिक्षण खेडूतालाही नको असते, आणि यात खेडुताचे काही चुकत नाही.

याच कारणाने मद्रासचे उदाहरण आमच्या आक्षेपकांनी आमच्या तोंडावर फेकले तर आम्ही ते आदराने उचलून घेऊ. राजाजी तेथे मुख्यमंत्री असताना १९५३ मध्ये त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी व्यवस्था केली. चांभाराच्या मुलाने चांभारकी, न्हाव्याच्या मुलाने न्हावीकाम. द्रविड चळवळीने तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे जातीचे शिक्षण, हे नाव ठेवले आणि ते नाव अचूक होते. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि योजनाही गुंडाळली गेली. ती गुंडाळली गेली हे योग्यच झाले. आमचे म्हणणे त्या योजनेच्या नेमके उलट आहे. सुताराच्या मुलाने सुतारकी शिकावी असे आम्ही म्हणत नाही. ती त्याच्या घरी आहेच, किंवा त्याने ती सोडली असेल तर सुखाने सोडावी. सेक्शन ऑफिसरच्या मुलाने सुतारकी शिकावी असे आम्ही म्हणतो. ब्राह्मणाच्या मुलाने चामडे शिवावे, मुलाने भाकरी थापावी, मुलीने शेगड्यात लोखंड आवळून करवत चालवावी, आणि हे सर्व एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच शिक्षकाच्या नजरेखाली व्हावे. असे झाले म्हणजे ‘सुतारकी’ म्हणतानाची ती नाकाची हालचाल एका पिढीत बंद पडेल. भाषणांनी ती पाऊणशे वर्षांत बंद पडलेली नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतकीचे मूलज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत अशी मागणी होती. आपल्याकडे फुल्यांच्या शिक्षणविषयक विचारांवर व्याख्याने होतात. त्या व्याख्यानांत ही मागणी बहुधा गाळली जाते, कारण ती श्रोत्यांना अडचणीत टाकते.

आता गणिताच्या कैवाऱ्यांकडे वळू. त्यांचा समज असा दिसतो की हातकामाच्या तासात बुद्धीला सुट्टी असते. असे म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी लोखंडाची पट्टी सपाट घासलेली नाही हे उघड आहे. आम्ही सांगतो ती कसोटी करून पाहावी. बोटभर जाडीची, चार बोटे रुंदीची लोखंडी पट्टी शेगड्यात आवळावी आणि तिची वरची कड कानशीने सपाट करावी. काम क्षुल्लक दिसते. नवशिक्याच्या हाती कानस डोलते. सुरुवातीला मागचा हात जड पडतो, शेवटी पुढचा; त्यामुळे दोन्ही टोके अधिक घासली जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. त्याला वाटते, सपाट झाले. मग गुण्या लावून पट्टी उजेडासमोर धरायची. मध्यभागी गुण्या टेकलेला आणि दोन्ही बाजूंनी प्रकाशाची बारीक फट. पुन्हा घासायचे. दाब पुढच्या हातावरून मागच्या हातावर क्रमाक्रमाने कसा सरकवायचा, हे सांगून समजत नाही. मनगटाला ते हळूहळू उमगते. दोन तास जातात, चार तास जातात, फट केसाएवढी होते आणि मग बंद होते.

त्या चार तासांत मुलाला तरफेचा नियम कळतो, तो सूत्राच्या आधी. पण आम्हास त्याहून महत्त्वाची वाटते ती ती फट. उत्तरपत्रिकेतील गुणांबद्दल परीक्षकाशी हुज्जत घालता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, कोणाची तरी ओळख काढता येते. उजेडाच्या फटीपुढे अर्ज चालत नाही. ज्या वर्गाची मुले उद्या अधिकारी होणार आहेत, पुलांची आणि इमारतींची बिले मंजूर करणार आहेत, त्या वर्गाच्या मुलांना बारा वर्षांची असताना ही फट एकदा तरी दिसावी, असे आम्हास फार वाटते. ओळंबा न कळणारा अभियंता भिंत तपासतो तेव्हा तो भिंत तपासत नसतो, कंत्राटदाराचा चेहरा तपासत असतो.

आणि मौज पाहा. ज्या अभियांत्रिकीसाठी हस्तकौशल्याच्या तासिका कापून गणिताला दिल्या जातात, त्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला काय शिकवतात? कार्यशाळा! फिटिंग, सुतारकाम, लोहारकाम, वेल्डिंग. बारा वर्षांच्या मुलाने आनंदाने शिकले असते ते अठरा वर्षांच्या मुलाला, शिकवणीवर लाखो रुपये उधळल्यानंतर, महाविद्यालय अत्यंत महागड्या दराने शिकवते. आणि तोपर्यंत त्याच्या मनात ते काम हलके असल्याची खूणगाठ इतकी पक्की झालेली असते की तो जोडणीचा तयार तुकडा मागच्या वर्गाकडून विकत घेऊन हजेरी भरतो. भिलाईला आता स्वतःची भारतीय प्रौद्योगिकी संस्था आहे. २०१६ मध्ये ती सुरू झाली आणि पुढे कुटेलाभाठा येथे तिचे आवार उभे राहिले. आमची त्या संस्थेविषयी तक्रार नाही. तिच्या फाटकापर्यंत पोहोचण्याची वाट आपण जी आखली आहे तीत एकही हातोडी आडवी येत नाही, ही तक्रार आहे.

दहावीच्या विज्ञानात घरगुती वीजजोडणीचा पाठ आहे. जिवंत तार लाल, तटस्थ काळी, भूमितार हिरवी, हे मुले घोकतात. तीन पिनांच्या खटक्यात वरची पिन लांब का असते, हा प्रश्न मात्र आम्ही दहावीत उत्तम गुण मिळवलेल्या चार-पाच मुलांना विचारला. एकानेही उत्तर दिले नाही. खटका आत जाताना भूमितार सर्वांआधी जोडली जावी आणि बाहेर येताना सर्वांनंतर सुटावी, म्हणजे मधल्या क्षणी उपकरणाच्या धातूला वीज उतरली तरी ती माणसाला लागू नये, इतके साधे आणि सुंदर ते कारण. जिने एकदा स्क्रू काढून ती पिन उघडली आहे त्या मुलीला ते आपोआप सुचते. पाठ तोच, पुस्तक तेच. फरक एका स्क्रूचा.

येथवर वाचून काही वाचक म्हणतील की हा कारखान्याच्या गावातल्या माणसाचा नाद आहे. तर आता घरात येऊ, कारण खरी लबाडी तेथे आहे.

आपल्या शाळांनी हातकाम शिकवले नाही असे नाही. शिकवले, पण वाटून शिकवले. मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण व गृहशास्त्र. या वाटणीने मुलगे जेवायला परावलंबी झाले आणि मुली दिव्याचे बटण दुरुस्त करायला. बदलीच्या नोकरीत या वाटणीची किंमत आपण रोज मोजतो. कुटुंब नागपूरला किंवा पुण्याला, कर्ता पुरुष भिलाईला, कोरब्याला, नाहीतर जगदलपूरला. आणि पंचेचाळीस वर्षांचा, राजपत्रित दर्जाचा, टिप्पणी लिहिण्यात निष्णात असा तो गृहस्थ डब्यावर जगतो, पोट बिघडवून घेतो आणि शर्टाचे तुटलेले बटण सेफ्टी पिनेने झाकून बैठकीला जातो. १९७० मध्ये निघालेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ची प्रत बदलीच्या सामानातून घरोघर फिरली. ते पुस्तक वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेले, म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्यालाही चालेल असे. पण ते भेट देण्यात येई नव्या नवरीला. नव्या नवऱ्याला दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

जपानने ही वाटणी मोडली. तेथे गृहशास्त्र मुलींपुरते होते. १९९३ पासून माध्यमिक आणि १९९४ पासून उच्च माध्यमिक शाळांत ते मुलगे व मुली दोघांनाही सक्तीचे झाले. तेथील मुले आपला वर्ग आपण झाडतात हे तर सर्वश्रुत आहे. आपल्याकडे तसे कोणा शिक्षकाने करवले तर वर्तमानपत्रात बातमी येते. बातमी येण्यास आपल्याकडे सबळ कारणही आहे, कारण झाडू देताना कोणत्या मुलाच्या हाती द्यावा हे ठरवण्यात आपल्या कित्येक शाळांनी अक्षम्य नीचपणा केला आहे. त्यावर उपाय एकच, की झाडू सर्वांच्या हाती पाळीने यावा आणि पाळीची यादी भिंतीवर लागावी. फिनलंडने १८६६ मध्येच लोकशाळांत हस्तव्यवसाय सक्तीचा केला. तो आजही मुलगे व मुली यांना एकत्र शिकवला जातो. त्या देशाच्या शिक्षणपद्धतीची स्तुती करणारे लेख आपले पालक एकमेकांना भ्रमणध्वनीवर पाठवतात. त्या स्तुतीत शिवणयंत्र आणि करवत असतात हे ते बहुधा पाहत नाहीत.

परदेशाचे कौतुक पुरे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाची बडी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम काढला. कलबागांचा विचार गांधीजींच्या जवळचा, पण डोळे उघडे ठेवून केलेला. आठवी ते दहावीच्या मुलांना त्यांनी आठवड्यातला एक दिवस हातकामाला दिला. ३ तास २० मिनिटे रोज नव्हे. एकच उद्योग नव्हे तर चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. चारही विभाग सर्वांना, मुलगा-मुलगी हा भेद नाही. मुलगे रक्तगट तपासणे आणि पदार्थ करणे शिकतात, मुली वेल्डिंग करतात. शिकवणारे निदेशक गावातलेच, हातात कसब असलेले लोक. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की मुलांनी केलेली वस्तू शोभेच्या कपाटात जात नाही. ती गावात कोणाला तरी लागते, आणि न जमल्यास तो परत आणून देतो. महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळान्त मंडळाने या विषयाला मान्यता दिली. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब, म्हणजे यंत्रांनी सज्ज अशी घडणशाळा, आली. त्या जातीच्या जगातील पहिल्यावहिल्या घडणशाळांपैकी ती एक. २००३ मध्ये कलबाग वारले. काम चालू आहे. सेवाग्रामलाही २००५ मध्ये आनंद निकेतन या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. म्हणजे ‘व्यवहारात हे जमत नाही’ हे जे आपण म्हणतो त्याला आधार नाही. जमते. फक्त ते पाबळला जमते आणि आपण पाबळच्या मुलांच्या बापांपेक्षा दुप्पट-तिप्पट फी भरून न जमणारी शाळा निवडतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशांपैकी काही प्रत्यक्ष करावे, आणि दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ काढावेत असे म्हटले आहे. सहावीसाठी ‘कौशल बोध’ नावाचे पुस्तकही २०२४ मध्ये निघाले. धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतील एक अंदाज उद्धृत आहे: १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले शेकडा पाचांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. आकड्यांचा आम्हास आमच्या धंद्यामुळे जरा कमीच भरवसा वाटतो; ते कसे जमवले जातात हे आम्ही टेबलाच्या या बाजूने पाहतो. पण पाच आणि शहाण्णव यांतील अंतर कोणत्याही कारकुनाच्या करामतीने भरून निघणारे नाही.

धोरण चांगले आहे, म्हणूनच भीती वाटते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ‘कार्यानुभव’ सुचवला होता. तोही चांगला होता. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आणले. तेही चांगले होते. त्या कार्याचे पुढे काय झाले हे ज्यांनी शाळेत असताना स्टेशनरीच्या दुकानातून थर्मोकोलचे घर विकत आणून त्यावर स्वतःचे नाव चिकटवले, त्या आमच्या पिढीला विचारावे. आता थर्मोकोल गेले आणि त्याच्या जागी पेटीबंद रोबो आले आहेत. पेटी उघडायची, तारा जोडायच्या, दिवा लुकलुकला की चित्रफीत काढायची. यंत्रमानवाला आमचा विरोध नाही. परंतु ज्या मुलाला नळाच्या तोटीचे वायसर बदलता येत नाही त्याने यंत्रमानव जोडला म्हणजे त्याला यंत्र कळले, असे आम्ही मानणार नाही. आमच्या वसाहतींतून तक्रारवह्या असतात. त्या चाळून पाहाव्यात. नळ ठिबकतो, कडी बसत नाही, ट्यूब लुकलुकते; आणि तक्रार नोंदवणारे अर्धेअधिक गृहस्थ शास्त्र शाखेचे पदवीधर.

या प्रदेशात तर शिक्षकांचीही वाण नाही. कोंडागावचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मधमाश्यांच्या मेणाचे धागे गुंडाळून हरिण घडवतात, त्यावर पुन्हा मातीचा लेप देतात, भाजताना मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. प्रत्येक साचा फोडावा लागतो, म्हणून एकासारखे दुसरे हरिण होत नाही. ते हरिण आपणा सर्वांच्या दिवाणखान्यात आहे. बदली झाली की ते कागदात गुंडाळून पुढच्या गावी जाते. हे घडवणाऱ्याला शाळेत बोलावले जाते ते वार्षिक प्रदर्शनात, पागोटे बांधून, फोटोसाठी. त्याला सत्राचे मानधन द्यावे, हजेरीपटावर त्याचे नाव गुरुजी म्हणून लिहावे आणि मेण ओतण्यापासून साचा फोडण्यापर्यंत मुलांनी त्याच्या हाताखाली राबावे, हे आमच्या मते धोरणातील त्या दहा दिवसांचे खरे मोल आहे. भिलाईत तर निवृत्त फिटर, टर्नर, वेल्डर, साचेकार पिढी-दोन पिढ्यांचे पडून आहेत. ज्यांनी रशियन तंत्रज्ञांच्या खांद्याला खांदा लावून भट्ट्या उभ्या केल्या ते बहुतेक आता नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेले मात्र आहेत, सकाळी बागेत फिरायला येतात आणि आपल्या नातवांच्या गुणांविषयी बोलतात.

राहिले दोन आक्षेप. बोट कापेल, हा पहिला. कापेल. स्वयंपाकघरात आपल्या आया-बहिणींची बोटे शतकानुशतके कापत आणि भाजत आली आहेत आणि त्या आक्षेपावरून कोणी स्वयंपाक बंद केल्याचे आम्ही ऐकले नाही. चष्मा, हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी आणि वीस मुलांमागे एक जाणता माणूस एवढे शाळेने ठेवले पाहिजे. ते नसेल तर तास घेऊ नये. दुसरा आक्षेप खर्चाचा. लाकडी पाट्यांचे एक भक्कम टेबल, चार शेगडे, डझनभर कानशी, दोन रंधे, दोन करवती, गुण्ये, एक शिवणयंत्र, दोन शेगड्या आणि भांडी. एखाद्या शाळेने फाटकावर संगमरवर बसवला त्या खर्चात हे सारे येईल आणि उरेल.

शाळा हे करणार नसतील तर परप्रांतातील आपल्या मराठी मंडळांनी करावे अशी आमची सूचना आहे. मंडळांची सभागृहे गणेशोत्सव आणि कोजागिरी सोडली तर बहुतेक रविवारी बंद असतात. आठवड्यातून एक सकाळ, दहा ते पंधरा वयाची मुले-मुली, पहिले सहा महिने चौघांनी मिळून एक पाट आणि प्रत्येकाने एक वेळचा वरण-भात, इतकाच अभ्यासक्रम. पाट डुगडुगता कामा नये आणि भात खाण्याजोगा झाला पाहिजे, परीक्षा तेवढीच. भिलाईत हे करून पाहण्यास आम्ही तयार आहोत, शेगड्यांसाठी वर्गणीही देऊ. सुतारकीसाठी फी न भरणाऱ्या त्या गृहस्थांनी आणि त्यांच्या मताच्या इतरांनी याच मासिकातून आम्हास उत्तर द्यावे. संपादक त्यास जागा देतील अशी खात्री आहे. उत्तरात गणिताचे महत्त्व पुन्हा सांगू नये, ते आम्हास मान्य आहे. शेगड्यामुळे गणिताचे नेमके काय नुकसान होते, तेवढे सांगावे.